जॉनी कॅशची श्रद्धा गाळू नका, धुऊन-पुसून मांडूही नका

प्रश्न थोडक्यात असा होता: कॉलेजच्या संगीत मंडळात जॉनी कॅश या अमेरिकन कंट्री गायकावर पाऊण तासाचा कार्यक्रम करायचाय. मधे बोलायचं, चार गाणी वाजवायची. वाचायला घेतलं तर डोकं चक्रावलं. एकाच माणसाच्या नावावर गोळ्यांचं व्यसन, अटका, मोडलेला संसार, खुन्याच्या तोंडची गाणी. आणि त्याच माणसाच्या नावावर येशूवरचा चित्रपट, प्रार्थनागीतांचे अल्बम, बिली ग्रॅहम या ख्रिस्ती उपदेशकाच्या सभा. ‘ही श्रद्धा खरी होती, की अमेरिकेत खपतं म्हणून चिकटवलेलं लेबल? आणि धर्माचा भाग सरळ गाळला तर कार्यक्रमाचं काही बिघडेल का?’

मी गिटारवाला माणूस. पुण्यात तीसेक वर्षं शिकवतोय. घर मूळचं नगरचं, ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. पंचवीस वर्षं माझा आठवडा एकाच पद्धतीने संपत आला. शनिवारी रात्री कुठल्यातरी हॉटेलात लोकांच्या फर्माइशी वाजवायच्या, दीड-दोनला घरी यायचं, आणि सकाळी नऊच्या उपासनेला तीच गिटार, तेच पिक. एकदा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला दारातच गाठलं. “रात्री बारमध्ये वाजवलेल्या तारांवर सकाळी देवाचं गीत वाजवतोस, काही वाटतं का?” मी म्हटलं, “तारा बदलल्यात, काका.” खोटं बोललो होतो. आठवड्याला नवा सेट घेण्याची ऐपत नव्हती तेव्हा. सांगायचा मुद्दा, तुमचा प्रश्न माझ्या दारात येऊन गेलेला आहे.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. पहिला, त्या माणसाच्या मनात खरं काय होतं? हे तुम्हाला-मला कळणार नाही, आणि श्रद्धा मोजायचं तुमचं माप कोणतं यावरही उत्तर ठरतं. सदाचार हेच माप असेल तर कॅश कितीतरी वर्षं नापास आहे. दुसरा प्रश्न, ही श्रद्धा त्याच्या गाण्यातच मुरलेली आहे की वरून फासलेली? याचं उत्तर देता येतं, आणि माझी कसोटी धंद्यातली आहे. देवाचं गाणं गाऊन पैसा आला, तो काळ सोडून द्या. देवाचं गाणं गाऊन पैसा जात होता, तेव्हा तो काय करत होता ते बघा.

त्याआधी एक साचा मोडून टाकू. आपल्याला वाल्याचा वाल्मीकी फार आवडतो. कॅशच्या बाबतीत त्याला सोयीची गोष्टही तयार आहे. १९६७ मध्ये गोळ्यांनी पार खचलेला कॅश टेनेसीतल्या निकाजॅक गुहेत मरायला म्हणून शिरला, टॉर्च विझला, अंधारात पडून राहिला, देवाची जाणीव झाली आणि चाचपडत बाहेर आला. ही गोष्ट त्याने स्वतः लिहिली आहे. पण त्याच्या चरित्रकारांनी त्या भागातल्या धरणाच्या पाण्याच्या तारखा लावून बघितल्या आणि त्या जुळल्या नाहीत. ती घडली असेल, नसेल, दोन-तीन प्रसंगांची एक झाली असेल. कार्यक्रमात सांगायची तर ‘तो असं सांगत असे’ म्हणून सांगा. माझी अडचण निराळीच आहे. त्या गुहेनंतर गोळ्या कायमच्या सुटल्या असं श्रोत्यांना वाटतं. त्या सुटल्या नाहीत. पुढे येईलच ते.

सुरुवात कापसाच्या रानात आहे. जन्म २६ फेब्रुवारी १९३२, आर्कान्सामधलं किंग्जलंड. आई-बापांचं नावावर एकमत होईना म्हणून कागदोपत्री नुसतं ‘जे. आर.’ पुढे हवाई दलाला नुसती आद्याक्षरं चालेनात तेव्हा तो ‘जॉन’ झाला. मंदीच्या काळात सरकारने गरीब शेतकऱ्यांसाठी डायेस नावाची वसाहत उभारली. तिथे १९३५ मध्ये कॅश कुटुंबाला घर आणि वीस एकर जमीन मिळाली. जमीन म्हणजे दलदल आणि झाडोरा. साफ करा, कापूस लावा, हप्ते फेडा. सात भावंडं, सगळी रानात. कापूस वेचताना गायची ती चर्चमधली गीतं. कंटाळा जावा म्हणून, पाठ दुखते हे विसरावं म्हणून. आपल्याकडे जात्यावर ओव्या यायच्या तशी ती गीतं त्याच्या तोंडात बसली. त्यामुळे ‘त्याने धार्मिक गाणी कधीपासून गायला घेतली’ हा प्रश्नच त्याला लागू होत नाही. आधी तीच होती, बाकीची मागून आली.

त्याच घरातला एक प्रसंग जरा निवांत सांगतो. तुमच्या पाऊण तासातही त्याला दोन मिनिटं द्या. थोरला भाऊ जॅक, दोन वर्षांनी मोठा, चौदा वर्षांचा. त्याला उपदेशक व्हायचं होतं. हातात बायबल घेऊन बसणारा मुलगा. मे १९४४ मधला एक शनिवार. जॅक शाळेच्या कारखान्यात कुंपणाचे खांब कापायला चालला होता, तीन डॉलर मिळायचे. बारा वर्षांचा जे. आर. त्याला म्हणत होता, चल माझ्याबरोबर मासे धरायला. जॅक म्हणाला, घराला पैशांची गरज आहे. धाकटा गळ घेऊन गेला, थोरला करवतीकडे. करवतीने पोटात कापलं. जॅक आठवडाभर जगला आणि २० मे ला गेला. शेवटच्या घटकांत त्याला देवदूतांचं गाणं ऐकू येत होतं, असं कॅश आयुष्यभर सांगत राहिला. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी घरातले सगळे पुन्हा रानात खुरपायला उभे होते, आईसुद्धा. ती मधेच गुडघ्यांवर कोसळायची, पुन्हा उठायची.

हे डोळ्यांसमोर ठेवलं की कॅशच्या गाण्यातला देव कसा आहे ते कळतं. तो सुखात आठवलेला देव नाही. जो भाऊ कामाला गेला तो मेला, जो खेळायला गेला तो वाचला. वाचलेल्याने त्याचं ऋण कसं फेडायचं? मानसशास्त्र मला कळत नाही, पण चर्चमध्ये इतकी वर्षं वाजवल्यावर एवढं कळतं की काही माणसं गीत म्हणतात आणि काही माणसं गीताला धरून उभी असतात. कॅश दुसऱ्यांपैकी.

आईचंही सांगितलं पाहिजे. कॅरी कॅशने लोकांचे कपडे धुऊन पोराच्या गाण्याच्या शिकवणीचे पैसे उभे केले. थोड्याच धड्यांनंतर बाईंनी त्याला त्याच्या मनाने काहीतरी गायला लावलं, ऐकलं, आणि सांगितलं की यापुढे शिकायला येऊ नकोस, हा आवाज कुणाला बदलू देऊ नकोस. मी स्वतः फी घेणारा मास्तर आहे. असं सांगायला काय लागतं ते मला विचारा. आई त्या आवाजाला देवाची देणगी म्हणायची. कॅशने हा शब्द जन्मभर जपला, आणि गोळ्यांच्या दिवसांत त्याला तोच सर्वांत जास्त टोचायचा.

आता धंदा. हवाई दलात तो जर्मनीतल्या लँड्सबर्गला रशियनांचे मोर्स संदेश ऐकायच्या कामावर होता. पहिली गिटार तिथेच, वीस मार्कांना घेतली. १९५४ मध्ये परतला, व्हिव्हियन लिबेर्तोशी लग्न केलं, मेम्फिसमध्ये घरोघरी घरगुती यंत्रं विकत हिंडू लागला. विक्रेता म्हणून भिकार होता, हे त्याचंच म्हणणं. जोडीला दोन गॅरेजवाले, ल्यूथर पर्किन्स आणि मार्शल ग्रँट. हे तिघे सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्सकडे गेले, आणि कॅशने स्वतःची ओळख गॉस्पेल, म्हणजे देवाची गाणी, गाणारा म्हणून करून दिली. फिलिप्सने सांगितलं, आवडतं मला, पण ते विकणं मला परवडत नाही. (‘आधी घरी जा, पाप कर, मग ये’ असं फिलिप्स म्हणाला, ही दंतकथा सगळीकडे सापडेल. कॅशने ती नाकारली होती. वापरू नका.) मग कॅशने आगगाडीचं, प्रेमभंगाचं गाणं दिलं आणि १९५५ मध्ये पहिली तबकडी निघाली. पुढच्याच वर्षी ‘आय वॉक द लाइन’ कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या नंबरावर.

हे गाणं तुम्ही वाजवणार आहात, म्हणून एक गंमत हाताने करून बघा. त्या तिघांकडे ढोलकीवाला नव्हता. ड्रमचा सपाट ठोका आणायला कॅशने गिटारच्या तारांमधून कागदाची घडी ओवली. मी वर्गात दहाची नोट वापरतो. लांबट घडी करायची, गळ्यावर एका तारेच्या वरून, दुसरीच्या खालून अशी विणायची, आणि हात चालवायचा. तारांचा सूर मरतो आणि ‘चिक’ असा कोरडा आवाज उरतो, कुणीतरी खराट्याने अंगण झाडावं तसा. त्याच्या खाली ल्यूथरच्या जाड तारा, तळहाताने अर्ध्या दाबलेल्या. आगगाडी सुरू. पोरं हे पहिल्यांदा ऐकतात तेव्हा हसतात, मग एकेक जण खिशातून नोट काढतो.

दुसरी गंमत गळ्याची. त्या गाण्यात कडव्यागणिक पट्टी बदलते, म्हणून प्रत्येक कडव्याआधी तो गुणगुणतो. तो नवा ‘सा’ धरायचा उद्योग आहे. शेवटचं कडवं पहिल्यापेक्षा सप्तकभर खाली जातं. आणि शब्द बघाल तर ती बायकोला दिलेली निष्ठेची शपथ आहे; दौऱ्यावर पाय घसरू नये म्हणून स्वतःला बजावलेलं. त्याने ती शपथ पाळली नाही. हे सांगायला कचरू नका. दौरे, गोळ्या, सोबत गाणारी जून कार्टर. घरी व्हिव्हियन आणि चार लहान मुली. १९६६ मध्ये व्हिव्हियनने घटस्फोट मागितला. कॅशच्या श्रद्धेचं कौतुक करणारे बहुतेक लेख या बाईला दोन ओळींत उरकतात, आणि मला ते पटत नाही. त्याच्या श्रद्धेचा हिशोब मांडायचा तर तिच्या घरातली ती दहा-बारा वर्षं खर्चाच्या बाजूला पडतात.

पण माझ्या कसोटीकडे बघा. १९५८ मध्ये, सनमध्ये नाव चालत असताना, तो कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे गेला. पैशांचं कारण होतंच. दुसरं कारण हे की कोलंबिया त्याला प्रार्थनागीतांचा पूर्ण अल्बम करू देणार होती. १९५९ मध्ये तो निघाला. तिशीही न गाठलेला, तरुण पोरापोरींचा लाडका गायक आजीच्या गीतांचा अल्बम काढतो, यात बाजाराचं शहाणपण कुठलं?

गोळ्याही साधारण त्याच काळातल्या. लांबचे दौरे, रात्रभर गाडी. जागं राहायला एक, झोपायला दुसरी. ऑक्टोबर १९६५ मध्ये एल पासोला त्याला पकडलं तेव्हा सामानात, गिटारीसोबत, जागं ठेवणाऱ्या ६८८ डेक्सेड्रीन आणि शांत करणाऱ्या ४७५ इक्वॅनिल निघाल्या. त्याच वर्षी ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या कंट्री कार्यक्रमात रंगमंचाच्या कडेचे दिवे त्याने माइकच्या दांड्याने फोडले आणि तिथून त्याला घरी पाठवलं. तुरुंगाबद्दल एक खुलासा: त्याने कधी शिक्षा भोगली नाही. कोठडीत काही रात्री काढल्या, बस. फॉल्सम तुरुंगावरचं त्याचं गाणं, ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’, तेही अनुभवातून आलेलं नाही. जर्मनीत त्या तुरुंगावरचा चित्रपट बघितला, आणि चाल व बरेच शब्द गॉर्डन जेन्किन्सच्या एका गाण्यातून उचलले. पुढे त्याची भरपाई द्यावी लागली.

ऑप्रीचा उल्लेख आला म्हणून जरा थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या इमारतीत आहे. नॅशव्हिलचं रायमन सभागृह १८९२ मध्ये उभं राहिलं ते प्रार्थनामंदिर म्हणून. टॉम रायमन हा बोटींचा मालक एका उपदेशकाच्या सभेत पालटला आणि त्याने ते बांधवून घेतलं. पुढे १९४३ ते १९७४ ऑप्री, कंट्रीचा सगळ्यात मोठा शनिवारचा कार्यक्रम, त्याच इमारतीतून होत होता. प्रेक्षक बसायचे ते चर्चच्या लाकडी बाकांवर. दारू, बेवफाई, खून यांची गाणी, आणि शेवटाला एखादं देवाचं गीत. ऐकणाऱ्याला त्यात वावगं वाटायचं नाही. शनिवारचा माणूस आणि रविवारचा माणूस एकच, हे त्या संगीताला जन्मापासून माहीत आहे. कॅशचा विरोधाभास म्हणून आपण जे मांडतो, तो त्या परंपरेत विरोधाभासच नाही. लावणी लिहिणाऱ्या शाहिरांनी भेदिकही रचलं आणि दोन्ही एकाच फडावर गायलं गेलं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

आता फॉल्सम तुरुंगातला अल्बम, तुमच्या कार्यक्रमाचा कणा. १३ जानेवारी १९६८, कॅलिफोर्निया. कंपनी तुरुंगातल्या रेकॉर्डिंगला वर्षानुवर्षं टाळत होती. तुरुंगात कैद्यांना भेटायला जाणारे फ्लॉइड ग्रेसेट नावाचे पाळक होते. त्यांनी कॅशला एक टेप ऐकवली. ग्लेन शर्ली या दरोड्याच्या कैद्याने तुरुंगातल्या दगडी चॅपेलवर गाणं रचलं होतं. आदल्या रात्री सॅक्रॅमेंटोच्या मोटेलात कॅश आणि मंडळी ते गाणं बसवत होती. शर्लीला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या रांगेत बसलेला, आणि कॅशने शेवटी सांगितलं की हे गाणं इथल्याच एका माणसाचं आहे.

हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, तुकड्यांत नको. सुरुवात ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ने, म्हणजे रेनोमधल्या खुनाच्या गाण्याने, शेवट शर्लीच्या चॅपेलच्या गाण्याने. मधे फाशी, कोकेन, हसायची गाणी. एक धंद्यातली गोष्ट सांगतो: खुनाच्या ओळीनंतर कैद्यांची जी आरोळी ऐकू येते ती नंतर स्टुडिओत घातलेली आहे. पहारेकरी समोर असताना त्या ओळीवर ओरडायला कैदी खुळे नव्हते. म्हणजे जो भाग सर्वांत बंडखोर म्हणून मिरवला जातो तो जुळवलेला, आणि ज्या शेवटच्या गाण्याकडे कुणी लक्ष देत नाही ते अस्सल कैद्याच्या हातचं. धर्म गाळायचा म्हणता ना? मग हा अल्बम कुठे कापणार?

शर्लीची पुढची कहाणी गोड नाही. १९७१ मध्ये तो सुटला, कॅशने त्याला आपल्या ताफ्यात घेतलं, १९७२ मध्ये दोघांनी सिनेटच्या उपसमितीपुढे तुरुंग सुधारणेवर साक्ष दिली. पण बाहेरचं जग शर्लीला झेपलं नाही, बिनसलं, कॅशने त्याला दूर केलं, आणि १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली. कॅशची दया काही जादूची कांडी नव्हती.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती सगळीकडे लिहिलेली आहेत. मार्च १९६८ मध्ये जूनशी लग्न. १९६९ पासून एबीसी या टीव्ही वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम, चित्रीकरण त्याच रायमनमध्ये. तिथे क्रिस क्रिस्टोफरसनचं रविवार सकाळचं गाणं गाताना वाहिनीला नशेचा एक शब्द बदलून हवा होता. कॅशने मूळ शब्दच गायला. आणि त्याच मंचावरून त्याने आपण ख्रिस्ती आहोत, ख्रिस्तावर विश्वास ठेवतो, हेही उघड सांगितलं, तेव्हा वाहिनीच्या लोकांना तेही नको होतं. नशेचा शब्द राहू दे आणि ख्रिस्ताचं नावही राहू दे, असा हा माणूस. कार्यक्रम १९७१ मध्ये बंद पडला. ‘श्रद्धेपायी बंद पडला’ असं मात्र म्हणू नका. त्या वर्षी वाहिन्यांनी ग्रामीण वळणाचे कार्यक्रम सरसकट काढून टाकले होते. मग बिली ग्रॅहमच्या सभांत गाणी, आणि स्वतःचे पैसे घालून इस्राएलमध्ये काढलेला येशूचा चित्रपट, १९७३. त्यातून कमाई नाही झाली. पहिल्या नंबराच्या गाण्यांचा ओघही त्या दशकात आटला. कसोटीचे दुसरे मोठे गुण मी इथे देतो.

आणि आता वाल्मीकीचं वारूळ ढासळतं. १९८१ मध्ये त्याच्या आवारातल्या शहामृगाने त्याला लाथ घातली. हसू नका, बरगड्या मोडल्या. वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात, आणि १९८३ च्या शेवटी त्याला बेटी फोर्ड व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हावं लागलं. म्हणजे गुहेनंतर सोळा वर्षांनी, येशूच्या चित्रपटानंतर दहा वर्षांनी. त्यानंतरही घसरणं आणि सावरणं चालूच राहिलं. मला विचाराल तर त्याची श्रद्धा वारीसारखी होती. वारकरी एकदा पंढरपूरला जाऊन कायमचा मोकळा होत नाही. घरी येतो, पुन्हा त्याच चिखलात राबतो, पुढच्या आषाढीला पुन्हा निघतो.

१९८६ मध्ये कोलंबियाने त्याला सोडलं. त्याच वर्षी त्याची संत पौलावरची कादंबरी आली. छळ करणारा शौल दमास्कसच्या वाटेवर पडतो आणि पौल होतो, ही गोष्ट त्याला का हवीशी वाटली असेल ते सांगायला नको. १९९३ च्या सुमारास रिक रुबिन भेटला, हिप-हॉप आणि हेवी मेटलचा दाढीवाला निर्माता, ज्यू घरातला. त्याने फक्त एक केलं: दिवाणखान्यात बसवून कॅशला एकटा, नुसत्या गिटारवर गायला लावलं. १९९४ च्या त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर दोन कुत्रे आहेत. एक काळा, पांढऱ्या पट्ट्याचा. दुसरा पांढरा, काळ्या पट्ट्याचा. कॅश सांगायचा, एकाचं नाव पाप, दुसऱ्याचं तारण. पूर्ण काळा एकही नाही, पूर्ण पांढराही नाही. स्लाइड लावणार असाल तर हीच लावा. पुढे आजारपणात रुबिन आणि तो फोनवर रोज एकत्र प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा ख्रिस्ती विधी) घेत, असं रुबिनने सांगितलं आहे.

‘हर्ट’ तुम्हाला माहीत असणारच, २००२. मूळ ट्रेंट रेझ्नर या रॉक गायकाचं. मुकुटाच्या ओळीत मूळ गाण्यात एक शिवराळ शब्द आहे; कॅश तिथे काट्यांचा मुकुट गातो. एका शब्दात गाण्याची खोली बदलते, मागच्या भिंतीवर कुणीतरी क्रूस टांगावा तशी. व्हिडिओत जून जिन्यावर उभी आहे. मे २००३ मध्ये ती गेली, १२ सप्टेंबरला तो. मधल्या चार महिन्यांत तो रेकॉर्डिंग करतच होता.

मी मात्र सर्वांत जास्त वेळा ऐकतो तो त्याच्या पश्चात, २००४ मध्ये सुटा निघालेला अल्बम: आईच्या गीतांच्या पुस्तकातली गीतं, एकटा गळा, एकटी गिटार. आपण केलेल्यांत हा आपला सगळ्यात लाडका, असं तो म्हणायचा. पहिल्यांदा लावला तेव्हा तिसऱ्या-चौथ्या गीताला माझा हात थांबला. चाल माझ्या आजीची होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं. त्यांच्याबरोबर या चाली आल्या आणि मराठी शब्द लेवून आमच्या देवळात बसल्या, पुढे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या भजनांशेजारी. (चर्चला आमचे जुने लोक देऊळच म्हणत.) आजी भाकरी थापताना ती गुणगुणायची. आर्कान्साच्या कापसातली चाल आणि नगरच्या चुलीपुढची चाल एक.

तर गाणी. पहिलं ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’: ई चा आकार, कॅपो तुमच्या गळ्याप्रमाणे. वेग वाढवू नका, सगळे तिथेच वाढवतात. दुसरं ‘आय वॉक द लाइन’: नोट ओवून, गुणगुणणं न गाळता, शेवटचं कडवं खाली पोचत नसेल तर सगळं गाणं दोन पट्ट्या वर घ्या. तिसरं क्रिस्टोफरसनचं रविवार सकाळचं. रात्रीची उतरलेली नाही असा एकटा माणूस रस्त्याने चाललाय आणि रविवारच्या शाळेतून मुलांच्या गाण्याचा आवाज येतोय. धर्मावर वेगळं भाषण ठोकायची गरज उरणार नाही. शेवटी ‘ग्रेस्टोन चॅपेल’, आणि त्याआधी ग्लेन शर्लीचं नाव घ्या. गुहा हवी तर अर्ध्या मिनिटात, व्हिव्हियन आणि शहामृग नक्की.

‘हर्ट’ वाजवू नका. विशीतल्या पोरांनी ते गाताना मी पुष्कळदा ऐकलंय, आणि दर वेळी पोरगा रडवेला होतो, गाणं नाही. ते हॉलमध्ये लोक येत असताना स्पीकरवर सोडा. आणि नोट दहाचीच घ्या, जुनी. नवी कडक असते, तारांतून निसटते.